नसलेल्या डोंगराभोवती

नवऱ्याचा वाढदिवस १७ ऑगस्टला असतो. म्हणजे दर वर्षी पाऊस, चिखल आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांमुळे गाड्यांनी तुंबलेले घाट. या वेळी चाळिशी पूर्ण होणार होती म्हणून विचारलं, काय पाहिजे? "कोरडा डोंगर," तो म्हणाला. पार्टी नको, हॉटेल नको, सॅक पाठीवर घेऊन कुठेतरी तंबूत झोपायचं.

ऑगस्टमध्ये कोरडा असलेला डोंगर शोधायचा तर विषुववृत्ताच्या पलीकडे जावं लागतं. लडाख दोघांचं बघून झालं होतं. नकाशावर बोट फिरवता फिरवता बालीच्या उजवीकडचं लोंबोक बेट दिसलं आणि त्याच्या उत्तर भागात माउंट रिंजानी, उंची ३,७२६ मीटर. इंडोनेशियातला दुसऱ्या क्रमांकाचा उंच ज्वालामुखी, आणि जिवंत. जानेवारी ते मार्च पावसामुळे बंद, ऑगस्टमध्ये खडखडीत कोरडा. शिवाय १७ ऑगस्ट हा इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन. १९४५ साली याच तारखेला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. "सत्तावीस-अठ्ठावीस कोटी लोक तुझा वाढदिवस साजरा करतील," असं सांगितल्यावर नवऱ्याने लगेच तिकिटं काढली.

१३ ऑगस्ट, समुद्रावर

सिंगापूरमार्गे बालीला रात्री उतरलो. विमानतळावर व्हिसासाठी पाच लाख भरताना छाती दडपते. मग आठवतं की हे रुपिया आहेत, आपले तीन हजारांच्या आतच. बालीत थांबायचं नव्हतं. पहाटे गाडीने पाडांगबाई बंदर गाठलं आणि लोंबोकच्या लेंबार बंदराला जाणाऱ्या बोटीत बसलो. जलद स्पीडबोटी आहेत, पण त्या महाग. ट्रक, मोटरसायकली, कोंबड्या आणि माणसं असं सगळं एकत्र वाहणारी मोठी फेरी स्वस्त असते. चार-साडेचार तास लागतात आणि डेकवर केळीच्या पानात बांधलेला भात विकणाऱ्या बायका सतत फिरत असतात. मी शाकाहारी. इथल्या जवळपास प्रत्येक तिखट चटणीत वाळवलेल्या कोळंबीची पेस्ट असते, त्यामुळे पुढचे सगळे दिवस माझी मदार टेम्पे, ताहू (म्हणजे टोफू) आणि घरून नेलेल्या मेतकुटावर राहिली. टेम्पे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी. तळून गरम मिळाली तर झकास, गार झाली की विषय संपला.

या सामुद्रधुनीची एक गंमत आहे. रुंदी साधारण ३५ किलोमीटर, म्हणजे एका किनाऱ्यावरून दुसरा दिसतो. पण १८५६ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस हा निसर्ग अभ्यासक बालीहून इथे आला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तांबट आणि सुतारपक्षी बालीतच राहिले आणि लोंबोकमध्ये काकाकुवा सुरू झाले. अलीकडे आशिया, पलीकडे ऑस्ट्रेलियाच्या बाजूचे जीव. मधलं पाणी इतकं खोल आहे की हिमयुगात समुद्र शंभर मीटरहून जास्त खाली गेला तरी इथे जमीन उघडी पडली नाही, आणि प्राणी ज्या त्या बाजूला राहिले. वॉलेसरेषा शाळेत नकाशात बघितली होती. प्रत्यक्षात ती ओलांडताना आमच्या शेजारचा ट्रक ड्रायव्हर घोरत होता आणि मला बोट लागली होती.

मागे बालीचा आगुंग, समोर रिंजानी. दोन्ही ज्वालामुखी ढगांच्या वर डोकं काढून.

लेंबारला उतरल्या उतरल्या चार-पाच जणांनी घेरलं. रिंजानीच्या पायथ्याच्या सेंबालूनला जायला आता गाडीच नाही, माझीच टॅक्सी घ्या, असा आग्रह. हे होणार असं वाचलं होतं. शांतपणे बंदराच्या बाहेर चालत गेलो, चहा प्यायलो आणि होमस्टेवाल्याने पाठवलेल्या पोराच्या गाडीत बसलो.

१४ ऑगस्ट, सेंबालून

सेंबालून हे डोंगरांनी वेढलेलं, साधारण अकराशे मीटरवरचं खोरं. लसूण, स्ट्रॉबेरी, कोबी. घरांच्या पडव्यांत लसणाच्या जुड्या टांगलेल्या, आणि त्यांच्या मधोमध लाल-पांढऱ्या पताका, कारण तीन दिवसांवर सतरा तारीख. शाळेच्या मैदानावर पोरांच्या स्पर्धा चालल्या होत्या. दोरीला टांगलेले पापड हात न लावता खायचे. बाजूला सुपारीचं सोललेलं खोड उभं करून त्याला वंगण फासलं होतं आणि टोकाला बक्षिसं बांधली होती: सायकल, बादली, टी-शर्ट. पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढत आणि घसरून ढिगात पडत. आपल्या दहीहंडीचा ऑगस्ट आणि यांचा ऑगस्ट एकाच घरातला वाटला. नवऱ्याला लहान पोरांनी खेचून खांबाच्या तळाशी उभं केलं. तो पायथ्याचा थर झाला, आणि अंगभर वंगण घेऊन परत आला.

संध्याकाळी गाईड आणि दोन पोर्टर भेटायला आले. थोरल्या पोर्टरला सगळे मानाने "पाक" (आपल्या बापूंसारखं) म्हणत होते, म्हणून आम्हीही तेच म्हणायला लागलो. गाईडने मार्ग समजावला. बहुतेक लोक दोन दिवसांत शिखर करून त्याच वाटेने परत येतात. आम्ही लांबचा घेतला होता: सेंबालूनहून कड्याच्या काठावर, तिथून शिखर, मग आत तळ्याकाठी उतरायचं, पलीकडचा काठ चढायचा आणि उत्तरेला सेनारूत बाहेर पडायचं.

"आत" का म्हणतात ते इथे सांगायला हवं, कारण त्यासाठीच तर गेलो.

रिंजानीच्या शेजारी, पश्चिमेला, आणखी एक डोंगर होता. समालास. अभ्यासकांच्या अंदाजाने तो चार हजार मीटरहून उंच असावा, म्हणजे आजच्या रिंजानीपेक्षाही मोठा. १२५७ मध्ये तो फुटला. राखेचा स्तंभ चाळीस किलोमीटरच्या वर गेला, आणि पोटातला लाव्हा बाहेर पडल्यावर पोकळ झालेला डोंगर स्वतःतच कोसळला. उरलं ते साधारण साडेआठ बाय सहा किलोमीटरचं कुंड, ज्याला भूगर्भवाले कॅल्डेरा म्हणतात. त्यात आता सेगारा आनाक नावाचं तळं आहे.

ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका या दोन्ही टोकांच्या बर्फात तेराव्या शतकाच्या मध्याचा गंधकाचा जाड थर सापडला होता, गेल्या दोन हजार वर्षांतल्या सर्वात मोठ्यांपैकी एक. पण तो कुठल्या ज्वालामुखीचा, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. २०१३ मध्ये फ्रेंच आणि इंडोनेशियन शास्त्रज्ञांनी समालासचं नाव जाहीर केलं. पुरावा दगडांचा होताच, शिवाय ताडपत्रावरच्या 'बाबाद लोंबोक' या जुन्या बखरीत समालास कोसळला आणि पामातान नावाचं नगर गाडलं गेलं, असं लिहिलेलंच होतं. पामातान अजून सापडलेलं नाही.

१२५७ म्हणजे देवगिरीवर यादव कृष्णदेवाचं राज्य, आणि ज्ञानेश्वरी लिहून व्हायला अजून तेहतीस वर्षं. असा हिशोब घातला की तारीख जरा हाताला लागते.

१५ ऑगस्ट, काठावर

सकाळी सातला निघालो. सुरुवातीला सगळं गवताळ माळरान, झाडाची सावली नाही, आणि वाट इतकी सोपी की संशय यावा. पोर्टर आमच्या पुढे. त्यांच्या खांद्यावर कावड. बांबूची लांब काठी, दोन्ही टोकांना टोपल्या, त्यात तंबू, पाणी, गॅस, अंडी, अख्खे अननस आणि एक कलिंगड. वजन पंचवीस-तीस किलो. पायात रबरी चपला. कावडीचा बांबू चालताना लवतो, आणि पाक पाऊल बरोबर त्या लयीत टाकत होते, बांबू वर गेला की पाय उचलायचा. खांदा बदलायचा तर न थांबता, मान खाली घालून काठी मागून फिरवायची. तासाभराने ते बसायचे, लवंग घातलेली सिगारेट पेटवायचे आणि ती कडकड आवाज करत जळायची. पुढे जंगलात कुठेही लवंगेचा वास आला की समजायचं, आपली माणसं जवळ आहेत.

आमच्या दोघांच्या पाठीवर मिळून बारा किलो असेल. माझी चांगल्यापैकी दमछाक झाली तेव्हा त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

तिसऱ्या थांब्यानंतर खरा चढ लागतो. एकामागून एक टेकाडं, प्रत्येक वेळी वाटतं की हे शेवटचं. स्थानिक लोक त्यांना पश्चात्तापाच्या टेकड्या म्हणतात. धुळीत पाऊल घोट्यापर्यंत बुडत होतं. साडेतीनच्या सुमारास एकदम सपाटी आली, धुकं होतं, आणि गाईड म्हणाला, "थांबा, पुढे जाऊ नका." पुढे काहीच नव्हतं. २,६३९ मीटरवरचा कॅल्डेऱ्याचा काठ.

धुकं साधारण तासाभराने फाटलं. आधी पलीकडचा कडा दिसला, मग खाली, सहाशे मीटर खाली, हिरवट निळं तळं, चंद्रकोरीसारखं वळलेलं, आणि तळ्यातून वर आलेला काळा शंकू, बारुजारी. हा समालासनंतर जन्मलेला नवा ज्वालामुखी. २००९, २०१५ आणि २०१६ मध्ये फुटलेला. २०१५ मध्ये त्याच्या राखेमुळे बालीचा विमानतळ बंद ठेवावा लागला होता.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ज्वालामुखी नवा नसायला हवा. आपण चढतो ते सगळे कातळ लाव्ह्याचेच. पण तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पसरत गेला, थरावर थर, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथ्यावर सपाट. इथे समुद्राखालची भूपट्टी बेटांच्या पोटात घुसते, बरोबर पाणी नेते, त्यामुळे खालचा खडक वितळून वायूने भरलेला, चिकट लाव्हा तयार होतो. तो वाहत नाही, फुटतो. काठावर बसून मी डोळ्यांनी पलीकडच्या दोन कड्यांचे उतार वर वाढवत नेले, ते जिथे भेटले असते तिथे आकाश होतं. तेवढा डोंगर तिथे होता.

आजूबाजूला शेकडो तंबू. स्वातंत्र्यदिनासाठी इंडोनेशियाभरातून पोरं-पोरी आलेली, प्रत्येकाच्या सॅकला झेंडा. आमचाही पंधरा ऑगस्ट असल्याचं कळल्यावर शेजारच्या तंबूतून कॉफी आली, गाळ तळाशी असलेली. आणि कचरा. तंबूंच्या मागच्या बाजूला प्लास्टिक, नूडल्सची पाकिटं, ओले टिश्यू. माकडं त्यावरच जगतात आणि उघड्या तंबूतून थेट पिशवी उचलतात. आमची चिक्की गेली. जगाने नावाजलेल्या जिओपार्कच्या कड्यावर ही घाण बघून राग येतो. राग आपल्या राजगडावरही येतोच, त्यामुळे नाक मुरडायला तोंड नव्हतं.

१६ ऑगस्ट, शिखराखाली आणि तळ्याकाठी

पहाटे दोनला बिस्किटं आणि चहा. हेडटॉर्चची रांग वर सरकत होती. अकराशे मीटरची चढाई, आणि ती घसाऱ्यातून. घसारा म्हणजे कोळशाच्या भुग्यासारखा सुटा दगड. दोन पावलं वर, एक खाली. वारा असा की तोंड उघडलं की दातांवर वाळू. धार अरुंद, डावीकडे काळोख, उजवीकडे काळोख, आणि त्यातल्या उजवीकडच्या काळोखात तळं आहे हे माहीत होतं.

पाच वाजून गेले तेव्हा आम्ही शेवटच्या तीव्र टप्प्याखाली होतो. नवऱ्याचा डावा गुडघा जुना दुखरा आहे. तो खडकाआड बसला आणि म्हणाला, "बास. इथून पुढे माझं खाली उतरणं अवघड होईल, आणि अजून दोन दिवस उतरायचंय." गाईडने मला सांगितलं, ओळखीच्या दुसऱ्या गटाबरोबर तुम्ही जा, तासाभरात पोहोचाल. मी जाऊ शकले असते. पायात ताकद होती. तरी खडकाआड त्याच्या शेजारी बसले, आणि पहिली दहा मिनिटं त्याच्याशी बोलले नाही. त्यानेही समजूत काढली नाही. वीस वर्षांच्या ओळखीत काही गोष्टी अशाच सोडून द्यायच्या असतात.

मग उजाडलं. सूर्य शिखराच्या मागून आला आणि रिंजानीची सावली पश्चिमेला पडली. अगदी रेघा मारल्यासारखा निळसर त्रिकोण, तळ्यावरून, पलीकडच्या कड्यावरून, समुद्रावरून, थेट बालीच्या आगुंगपर्यंत गेलेला. हळूहळू तो आखडत आपल्याकडे यायला लागतो. शिखराच्या टोकावर झेंडे घेतलेल्या लोकांची फोटोसाठी रांग दिसत होती. माझा राग निवळला असं म्हणणार नाही. पण समोरचं बघताना त्याच्याकडे लक्ष राहिलं नाही.

परत काठावर येऊन भात-ऑम्लेट (मला भात आणि तळलेला टेम्पे) खाल्लं आणि आत उतरायला लागलो. ही उतरण सगळ्या प्रवासातली सर्वात खडी. कातळटप्पे, काही ठिकाणी लोखंडी कठडे, आणि गुडघ्यांची परीक्षा. २०१८ मध्ये २९ जुलैच्या भूकंपात इथल्या दरडी कोसळून पाचशेहून जास्त ट्रेकर वर अडकले होते. सुटलेले दगड अजून उताराला लटकलेले दिसतात. आठवडाभराने आणखी मोठा धक्का बसला आणि बेटावर पाचशेहून जास्त माणसं गेली. गाईडने हे उतरता उतरता सांगितलं, आणि स्वतःचं घर दोन खोल्यांचं होतं ते एक खोलीचं उरलं, हेही त्याच सुरात.

खाली दोन हजार मीटरवर तळं. वरून गप्प दिसणारं हे पाणी जवळ गेल्यावर गजबजलेलं निघालं. काठावर गळ टाकून बसलेली माणसं. सरकारने पूर्वी सोडलेले तिलापिया मासे इथे वाढलेत, आणि गावकरी दोन डोंगर ओलांडून ते पकडायला येतात. पाणी हाताला बर्फासारखं लागेल असं वाटलं होतं, ते लागत नाही, खालून ऊब आहे. पंधरा मिनिटांवर आइक कालाक नावाची गरम कुंडं आहेत, गंधकाचा वास, पिवळट पांढरे खडक, आणि एकाखाली एक डबकी. वरच्यात पाय टाकला तर भाजतो, खालच्यात मानेपर्यंत बसता येतं. नवऱ्याचा गुडघा तासभर त्यात होता. बाजूला चार आजोबा गळ्यापर्यंत पाण्यात बसून लवंगी सिगारेटी ओढत होते. त्वचेचे आजार बरे होतात म्हणून खास चालत आलेले.

शिखराच्या गोष्टी सगळे सांगतात. माझं मत विचाराल तर दोन दिवस हाताशी जास्त ठेवा आणि खाली उतरा. काठावरून कुंड दिसतं. तळ्याशी बसलं की चारही बाजूंनी कडे उठतात, आणि कळतं की आपण डोंगराच्या पायथ्याशी नाही, त्याच्या पोटात आहोत.

१७ ऑगस्ट

सकाळी पाणी काचेसारखं. पोरापोरींनी तळ्याकाठी बांबू रोवला, रांगा केल्या, एकाने हुकूम सोडले आणि लाल-पांढरा झेंडा वर गेला. राष्ट्रगीत चार-पाचशे आवाजांत. कडे जवळ असल्याने ते अर्ध्या सेकंदाने परत येत होतं, त्यामुळे सगळ्यांची लय बिघडली आणि सगळे हसले. गाईडने कुणाला तरी काही सांगितलं असावं. झेंडावंदन संपल्यावर अनोळखी पन्नासेक जणांनी नवऱ्याला मध्ये घेऊन वाढदिवसाचं गाणं इंडोनेशियन भाषेत म्हटलं. तो टोपीत तोंड लपवून उभा.

सासूबाईंनी निघताना माझ्या हातात एक पुडी दिली होती. "चाळिसावा आहे, औक्षण चुकवू नकोस." हळद-कुंकू, अक्षता, सुपारी. निरांजन नव्हतं. पाकांनी डब्याचं झाकण दिलं, त्यात एक बुटकी मेणबत्ती. वारा ती टिकू देईना, तेव्हा पाक स्वतःचं सारोंग दोन्ही हातांनी पसरून आडोशाला उभे राहिले. बोटातली अंगठी काढली, सुपारीबरोबर तीनदा ओवाळली, अक्षता टाकल्या. नवरा दगडावर मांडी घालून पूर्वेला तोंड करून बसलेला, नाकावर तीन दिवसांची धूळ, कपाळावर कुंकू.

गाईड बारकाईने बघत होता. म्हणाला, सोनं पाण्यात टाकणार का? मी दचकलेच. मग त्याने सांगितलं की बालीचे आणि लोंबोकचे हिंदू लोक वर्षातून एका पौर्णिमेला इथवर चालत येतात आणि सोन्याचे छोटे मासे-कासवं या तळ्याला अर्पण करतात. पेकेलेम म्हणतात त्याला. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लोंबोकवर बालीच्या कारांगासेम घराण्याच्या राजांची सत्ता होती, डचांनी १८९४ मध्ये ती संपवली, पण विधी चालू राहिला. इथले मूळचे सासाक लोक मुसलमान, तेही या तळ्याला मानतात. माझी अंगठी मात्र मी लगेच बोटात घातली. पाकांना फार हसू आलं.

जेवणात केळ्याची भजी होती. केक नाही. त्याने आठ खाल्ली.

मग पलीकडचा चढ. पाठीला तळं, समोर कातळ, कठडे धरत, कुठे हातांवर. चार तासांनी २,६४१ मीटरवरचा सेनारूकडचा काठ. इथे गर्दी निम्मीही नव्हती. संध्याकाळी खाली समुद्रात तीन गिली बेटं, त्यांच्यामागे आगुंगची काळी कड, आणि दुसऱ्या बाजूला वळलं की बारुजारी. रात्री झोप चांगली लागली, एवढंच.

१८ ऑगस्ट, सेनारू

सरळ दोन हजार मीटर उतार. वरचं गवत संपलं की दाट जंगल, मुळांच्या पायऱ्या, ओल. नवरा उलटा उतरत होता, गुडघ्याला तेच बरं म्हणे. दुपारी सहाशे मीटरवर पोहोचलो आणि फाटकाजवळच्या टपरीवर दोन शहाळी प्यायलो. पाकांनी कावड उतरवली, खांद्यावरचा फडका झटकला आणि मोटरसायकलवर बसून गेले. परवा दुसऱ्या गटाबरोबर पुन्हा वर जायचंय म्हणाले.

पुढचा दिवस सेनारूतच काढला. तियू केलेप धबधब्यापर्यंत जेमतेम गेलो, बाकी वेळ पाय वर करून.

२० ऑगस्ट, पुन्हा खाली

परतीच्या बोटीआधी लोंबोकच्या मातारम शहराजवळ दोन ठिकाणं पाहिली. लिंगसारचं देऊळ, १७१४ सालचं, एकाच आवारात हिंदूंचं देऊळ आणि सासाक मुसलमानांचं पवित्र कुंड. कुंडात वाम मासे राहतात आणि भाविक त्यांना उकडलेली अंडी सोलून घालतात. बाहेर अंडी विकायला टोपल्या मांडलेल्या. पोरगी अंडं पाण्यावर धरून हाक मारत होती. बराच वेळ काही नाही, आणि मग दगडाच्या फटीतून हातभर तोंड बाहेर. दोन्ही धर्मांचे लोक वर्षातून एकदा इथे जमून भाताच्या पुड्या एकमेकांना फेकून मारतात, लढाई म्हणून. आम्हाला ती बघायला मिळाली नाही, नोव्हेंबर-डिसेंबरात असते.

दुसरं ठिकाण नर्मदा. खरंच, हेच नाव, आपल्या नदीवरून ठेवलेलं. बालीच्या राजाने बांधलेली बाग. सांगतात ते असं, की राजा म्हातारा झाला, पेकेलेमसाठी रिंजानी चढणं त्याला जमेना. तेव्हा त्याने इथे उताराची बाग करवून घेतली, वर टेकाड रिंजानीचं, खाली तळं सेगारा आनाकचं, आणि विधी इथेच करायला सुरुवात केली. पायऱ्यापायऱ्यांनी तळ्यापर्यंत उतरायचं. नवरा एकेक पायरी आडवा होऊन उतरत होता. मध्येच थांबून म्हणाला, "राजा व्यवहारी होता."

तळ्याच्या वर एका खोलीत झरा आहे. त्याचं पाणी प्यायल्याने तारुण्य टिकतं, अशी ख्याती. आत जाताना कमरेला पिवळा पट्टा बांधावा लागतो. सेवेकरी बाईंनी तांब्याने ओंजळीत पाणी घातलं, तीनदा प्यायला आणि तोंड धुवायला सांगितलं. त्याने सगळं मनापासून केलं, बाटलीही भरून घेतली, आणि मिशांवरून पाणी निथळत माझ्याकडे वळला.

"काही फरक?"

"वर जाताना कळेल," मी म्हटलं. पार्किंगपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या चढायच्या होत्या.